तुमच्याकडं आहे का?

सोमवारी सकाळी सव्वासातला भिंतीपलीकडून आवाज आला, "ताई, काल संध्याकाळी तुमच्याकडं होतं का हो?"

काय होतं, हे आमच्या गल्लीत कुणी विचारत नाही. एकेकाळी हा प्रश्न नळाच्या पाण्याचा असायचा, मग लाईटचा झाला, आता नेटचा आहे. "नव्हतं" असं उत्तर आलं की विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. सगळ्यांचंच गेलंय, म्हणजे आपलं काही बिघडलेलं नाही. मी "होतं की" म्हणाले. वहिनींनी कढीपत्ता तोडायचा थांबवला आणि दोन्ही कोपरं भिंतीवर टेकवली. म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती.

सांगलीत विश्रामबागेकडं आमची घरं एकमेकांना लागून आहेत, मधली भिंत छातीएवढी. कढीपत्ता माझा, शेवगा त्यांचा. वाटी इकडून तिकडं गेली की रिकामी परत येत नाही, आणि बातमीचंही तसंच आहे.

"काल धाकटीचा बघण्याचा कार्यक्रम होता ना," वहिनी म्हणाल्या. मला माहीत होतं. अख्ख्या गल्लीला माहीत होतं. मुलगा जर्मनीत स्टुटगार्टला. आईवडील पुढच्या रविवारी येणार होते, काल फक्त मुलगा टीव्हीवर. वहिनींच्या ह्यांनी, म्हणजे आप्पांनी, सोफा सरकवून टीव्हीसमोर ओळीत खुर्च्या मांडल्या होत्या. वहिनींच्या सासूबाईंनी नऊवारी नेसली होती. कांदेपोहेसुद्धा केले होते. पलीकडचा खाणार नाही हे ठाऊक असूनही केले होते.

"सगळं छान चाललं होतं हो. मुलगा शांत आहे. मराठी चांगलं बोलतो. मग म्हणाला, 'माझी एकच अट आहे'…"

"आणि?"

"आणि गेलं!"

लाईट गेली नव्हती. नुसती पापणी लवावी तशी लवली. पंखा फिरतच राहिला. पण तेवढ्यात कोपऱ्यातला नेटचा डबा मेला, आणि तोंड अर्धवट उघडलेला जावई टीव्हीवर तसाच राहिला. पुढची वीस मिनिटं त्या उघड्या तोंडाकडं बघत घरात चर्चा. सासूबाई म्हणाल्या, हुंडा मागणार. आप्पा म्हणाले, हुंडा मागणारा 'अट' म्हणत नाही, 'आमची काही अपेक्षा नाही' म्हणतो. (हे आप्पांचं निरीक्षण मला पटलं.) वहिनींनी तेवढ्यात डब्याचं बटण सहा वेळा बंद-चालू केलं. मग केबलवाल्या पोराला फोन. तो गाडीवरून आला, मोबाइलमध्ये काहीतरी दाबलं, आणि आलं.

"आल्यावर मुलगा काय म्हणाला माहितेय? म्हणाला, 'मग, चालेल ना तुम्हाला?' आणि आमचे हे म्हणाले, 'हो हो, अगदी चालेल!'"

"कशाला?"

"तेच तर! काय चालेल ते कुणालाच माहीत नाही!"

मी हसले नाही. फार कष्टानं हसले नाही. माझं लक्ष दुसरीकडं अडकलं होतं. "पोरानं काहीतरी दाबलं म्हणजे काय दाबलं?"

"ते काय मला कळतंय? प्रत्येक वेळी येतो, दाबतो, जातो. आठवड्यातनं तीनदा तरी." मग आवाज खाली. "त्या कोपऱ्यावरच्या बाईंनी तर धाकटीलाच विचारलं, तो केबलवाला पोरगा तुमच्याकडं सारखा का येतो गं?"

अशी ती भानगड. पोरगा घरी का येतो याचा शोध लागला तर दोन प्रश्न सुटणार होते, म्हणून मी चहा तसाच ठेवून पलीकडं गेले.

आता मी कोण, तर माझी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधली. १९८५ला ऑपरेटर म्हणून लागले आणि ३१ जानेवारी २०२०ला बीएसएनएलमधून स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्या दिवशी ७८ हजारांवर लोक बाहेर पडले त्यांतली एक. ट्रंक कॉलच्या काळात जोडणं हेच आमचं काम. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे कॉलचे वर्ग, आणि तीन मिनिटं झाली की लाइनवर येऊन सांगायचं, "थ्री मिनिट्स ओव्हर." बोलता बोलता लाइन तुटली तर गिऱ्हाईक ओरडायच्या आत आम्हीच पुन्हा जोडून द्यायचो. आपोआप जोडलं जाणं म्हणतात ना, ते आपोआप म्हणजे हेडफोन लावून बसलेली मी होते. आज ते काम या डब्यानं करायचं असतं. आप्पांच्या घरचा डबा ते करत का नव्हता, एवढंच बघायचं होतं.

त्यांच्याकडं डबे दोन. एक पांढरा, त्यात काचेची तार येते. दुसरा काळा, दोन शिंगांचा, तो वायफाय देतो. काळा चांगलाच जुना. मोबाइलवर १९२.१६८.०.१ टाइप केलं. पासवर्ड डब्याच्या बुडाशी छापलेला, तोच चालला. (तो कधीच बदलला नव्हता. तुमचाही बदललेला नसेल. बदला.) इंटरनेटच्या पानावर गेले. तिथं जोडणीची पद्धत निवडायची असते. 'ऑटोमॅटिक', म्हणजे तुटलं की डबा स्वतःच पुन्हा जोडतो. 'ऑन डिमांड', म्हणजे कुणी वापरायला लागलं की जोडतो. आणि 'मॅन्युअल', म्हणजे कुणीतरी येऊन 'कनेक्ट'चं बटण दाबेपर्यंत ढिम्म.

आप्पांच्या डब्यात मॅन्युअल होतं. खाली लिहिलेलं होतं, पंधरा मिनिटं वापर नसेल तर तोडा.

पोरगा येऊन 'कनेक्ट' दाबत होता. बस. एवढ्यासाठी पोराची बदनामी.

"हे कुणी केलं?" मी विचारलं. वहिनींनी आप्पांकडं पाहिलं. आप्पा पेपरात शिरले.

मग हळूहळू बाहेर आलं. नेट घेतलं तेव्हा महिन्याला ठरावीक एमबी मिळायचे, वर गेलं की पैसे. आप्पांना वाटायचं, डबा चालू म्हणजे मीटर पळतोय. म्हणून भाच्याकडून 'वापरताना लावायचं, नाहीतर बंद' असं करून घेतलं. त्यात त्यांची काही चूक नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचारनं देशात इंटरनेट सुरू केलं तेव्हा फोन लावूनच नेटवर जायचं, मोडेम किंचाळायचा, आणि घड्याळ बघत बसायचं. पुढं २००५ला बीएसएनएलचं डेटावन आलं. त्याच्या एका योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ फुकट असायचं. आमच्या ऑफिसातल्या पोरांचे डोळे तेव्हा कायम सुजलेले. त्या काळात लाइन तोडून ठेवणं हाच शहाणपणा होता. मग योजना बदलल्या, तांब्याच्या तारेच्या जागी काचेची आली, युजरनेम नवीन टाकलं. आणि आप्पांची काटकसर मात्र त्या पानावर बारा वर्षं तशीच बसून राहिली.

मी 'ऑटोमॅटिक'वर बोट ठेवलं आणि 'सेव्ह' केलं. काम दहा सेकंदांचं.

पण आप्पांना ते पटलं नाही, आणि खरी गंमत तिथून सुरू झाली.

"म्हणजे ह्याला ऑटो नव्हता बसवलेला," आप्पा म्हणाले. आप्पांचा कृष्णाकाठी तीन एकर ऊस. शेतीपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्री कधी येईल, कधी जाईल, त्याचा नेम नाही. म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो लावतो. लाईट आली की मोटर आपली आपण सुरू. माणूस घरी झोपतो. "पण ऑटो वाईट असतो, ताई. महावितरणवाले काय उगीच ओरडत नाहीत, ऑटो काढा, कपॅसिटर बसवा म्हणून. लाईट आली रे आली की शिवारातल्या पन्नास मोटरी एकदम खेचतात. डीपी जळते. मग बसा पंधरा दिवस."

मी आप्पांकडं बघतच राहिले. हे समजावून द्यायला आमच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये मास्तर दोन दिवस घालवत.

कारण नेटचं अगदी तेच होतं. गल्लीची लाईट येते, शंभर घरांतले डबे एकाच सेकंदाला जागे होतात, आणि सगळे पलीकडच्या एकाच सर्व्हरच्या दारावर. 'मी अमुक, माझा पासवर्ड हा, मला आत घ्या.' तो किती जणांना घेणार? ज्याला उत्तर मिळालं नाही तो पुन्हा हाक मारतो. सगळे पुन्हा एकदमच मारतात. म्हणून चांगला डबा लगेच हाक मारत नाही. थोडं थांबतो. नाही जमलं तर आणखी थोडं जास्त थांबतो.

"पण सगळे सारखंच थांबले तर पुन्हा एकदमच येणार की," वहिनी म्हणाल्या.

मी बोलायला तोंड उघडलं, त्यांनीही उघडलं. दोघी थांबलो. "बोला बोला." "नाही, तुम्ही बोला." पुन्हा दोघी एकदम. तिसऱ्यांदाही तेच झालं, आणि आप्पा हसायला लागले. मी म्हटलं, हेच सांगत होते. १९७१ साली हवाई बेटांवर विद्यापीठानं रेडिओवरून संगणक जोडले, अलोहानेट म्हणतात त्याला. तिथं दोघं एकदम बोलले तर दोघांचंही बोलणं फुकट जायचं. त्यांनी तोड काढली ती अशी: प्रत्येकानं मनाला येईल तेवढं थांबायचं, चिठ्ठी काढल्यासारखं. एकाची चिठ्ठी दोनची, दुसऱ्याची सातची. मग गाठ पडत नाही.

"ऑटोला पण टायमर येतो आता," आप्पा म्हणाले. "लाईट आल्यावर मिनिटभरानं सुरू. शेजाऱ्याचा दोन मिनिटांवर लावायचा. पण लावतो कोण!"

मग त्यांनी दुसरा मुद्दा काढला. मोटरीला ऑटो नुसता लावून चालत नाही. तीनपैकी एक फेज गेलेली असली आणि मोटर सुरू झाली तर वाइंडिंग जळतं. म्हणून आधी फेज तपासणारं यंत्र लागतं. तुमच्या डब्याला कसं कळतं, पलीकडं कुणी आहे का नाही ते?

हा माझा आवडता प्रश्न. आजी गोष्ट सांगायची तेव्हा आपण हुंकार द्यायचो की नाही? हुंकार थांबला की आजी ओळखायची, पोरगं झोपलं. डबा आणि एक्स्चेंज रात्रंदिवस तेच करत असतात. ठरावीक सेकंदांनी हा विचारतो, 'आहेस का?' तो म्हणतो, 'आहे.' ओळीनं काही वेळा हुंकार आला नाही की समजायचं, लाइन मेली, नव्यानं जोडा. आपल्याकडं केबलवाले जे युजरनेम-पासवर्ड देतात ती पद्धत १९९९ सालची, पीपीपीओई नावाची, आणि तिच्या पोटात हा हुंकार आहे.

अडचण होते ती इथं. काल लाईट लवली तेव्हा आप्पांचा डबा जागच्या जागी मेला, 'येतो' म्हणायलाही त्याला सवड मिळाली नाही. सर्व्हरच्या हिशेबात आप्पा अजून आत बसलेलेच. समजा डबा ऑटोमॅटिक आहे, दोन मिनिटांनी जिवंत होऊन येतो आणि म्हणतो, मी आप्पा. सर्व्हर म्हणतो, आप्पा आत आहेत, तुम्ही कोण? एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, आणि धरणारा खाली चहा पीत राहतो, तसं. रुमालवाला येणार नाही हे कंडक्टरला पटेपर्यंत तुम्ही उभेच. हुंकार चुकत गेला की काही मिनिटांनी सर्व्हर तो रुमाल उचलतो.

"आणि वहिनी, तुम्ही सहा वेळा बटण दाबलंत," मी म्हटलं, "ते मॅन्युअलमुळं वाया गेलंच. पण ऑटोमॅटिक असतं तरी वाया गेलं असतं. पांढऱ्या डब्याला उठून एक्स्चेंजशी बोलायला दोनेक मिनिटं लागतात, मग काळ्याची पाळी. तुम्ही दर अर्ध्या मिनिटाला त्याला उठवून पुन्हा झोपवलंत."

वहिनी म्हणाल्या, "माझ्या सासूबाई लहान पोरांना असंच करायच्या." आतून सासूबाई खाकरल्या.

पांढऱ्या डब्याची एक गोष्ट मला फार आवडते, ती सांगितल्याशिवाय राहवलं नाही. त्याची लाईट गेली की विझता विझता, आत साठलेल्या चिमूटभर विजेवर तो एक्स्चेंजला एक निरोप पाठवतो. इंग्रजीत त्याला 'डाइंग गॅस्प' म्हणतात, शेवटचा आचका. त्यावरून तिकडं कळतं की इथली वीज गेली आहे, तार तुटलेली नाही. आप्पांनी विचारलं, ती चिमूटभर वीज कशात साठवतात? कपॅसिटरमध्ये, मी म्हटलं. आप्पांनी मांडीवर थाप मारली. "बघा! म्हणजे महावितरण बरोबर सांगत होतं." कामं वेगळी आहेत त्या दोन कपॅसिटरांची, पण मी वाद घातला नाही.

या डब्यावर बघायचा दिवा एकच, 'लॉस' लिहिलेला. तो लाल लुकलुकत असेल तर काचेची तार कुठंतरी तुटली किंवा वाकली. रस्ता खणणाऱ्या जेसीबीनं आपलं काम केलेलं असतं. तेव्हा ऑटोमॅटिक असो नाहीतर काही असो, पोराला फोन करायचा आणि पेपर वाचायचा. बटणाला हात लावायचा नाही. आणि मागच्या बारीक भोकात टाचणी तर मुळीच घालायची नाही. त्यानं युजरनेमसकट सगळं पुसलं जातं.

कोपऱ्यावरच्या बँकवाल्यांनी म्हणे पाण्याच्या मोटरीचा टायमर डब्याला लावलाय. रोज पहाटे चारला बंद, चार वाजून पाच मिनिटांनी चालू. ते फार अभिमानानं सांगतात. माझं मत विचाराल तर हे म्हणजे धडधाकट माणसाला रोज पहाटे सलाइन लावणं. दुपारी तीनला लाइन तुटली तर पहाटे चारपर्यंत काय करणार? काही डबे स्वतःच बाहेर हाक मारून बघतात आणि ओ आली नाही तरच स्वतःला पुन्हा चालू करतात. तो उपाय बरा. पण आप्पांच्या घरी त्याची गरज नव्हती.

गरज होती ती विजेची. इन्व्हर्टरच्या मागं एक बटण असतं, 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं. आप्पांचं 'नॉर्मल'वर. त्यात इन्व्हर्टर वीज बदलायला जो क्षणभर घेतो तो पंख्याला कळत नाही, डब्याला कळतो. ते 'यूपीएस'वर केलं. शिवाय राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, हातात मावेल एवढा, तो आणायला सांगितला. आप्पांनी किंमत विचारली. मी सांगितली. आप्पा म्हणाले, बघू.

मग परीक्षा. आप्पांनी मनगटावरचं एचएमटी काढून हातात घेतलं. मी दोन्ही डबे बंद केले, वीसपर्यंत मोजलं, चालू केले. पांढऱ्यावर हिरवा दिवा लुकलुकला, मग स्थिर झाला. काळ्याची शिंगं तशीच, पण खाली जगाच्या गोळ्याचं चित्र नारिंगी. वहिनींचा हात दोनदा बटणाकडं गेला, दोनदा मी धरला. गोळा हिरवा झाला. "तीन मिनिटं दहा सेकंद," आप्पा म्हणाले. कुणी काही दाबलं नव्हतं.

तेवढ्यात धाकटी कॉलेजच्या क्लासला निघाली. पायात चप्पल अडकवताना तिनं सहज विचारलं, "काय चाललंय?" वहिनींनी सांगितलं, आणि लगेच विचारलंच, "काय गं, त्याची अट काय असेल?"

"पत्रिका बघायची नाही," ती म्हणाली. "त्यानं काल रात्रीच मेसेज केला. तुम्ही कुणी विचारलं नाहीत म्हणून मी बोलले नाही." आणि गेली.

घरात शांतता. सासूबाईंनी माळ थांबवली. वहिनी मला भिंतीपर्यंत सोडायला आल्या, इकडं तिकडं पाहिलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "मंगळ आहे हो तिला. सौम्य आहे, पण आहे. दोन स्थळं त्यावरच गेली." मग कढीपत्त्याची राहिलेली डहाळी तोडली. "ह्यांनी बरं केलं, न ऐकताच हो म्हणाले ते."

याला आता तीन आठवडे झाले. मुलाचे आईवडील येऊन गेले, बोलणी पुढं गेली. छोटा यूपीएस अजून आलेला नाही. लाईट चार वेळा गेली, चारही वेळा नेट आपलं आपण आलं, आणि केबलवाला पोरगा या गल्लीत एकदाही फिरकला नाही. परवा कोपऱ्यावरच्या बाईंनी मला गेटापाशी गाठलं आणि विचारलं, "तो पोरगा हल्ली येत नाही त्यांच्याकडं. काही बिनसलं का हो?"